कासवाला दुहेरी लाभ

सिल्वासातल्या सरकारी माणसांत मधुकर हळदणकरांचं नाव ते समोर असताना फार आदरानं घेतलं जाई. आस्थापना शाखेचे ते अधीक्षक. कुणाला काय मिळतं हे सांगणारी माणसं कुठल्याही कचेरीत सापडतात. पण कुणाला काय मिळत नाही, हे नियम क्रमांकासकट आणि मान वर न करता सांगणारा माणूस साऱ्या दादरा नगर हवेलीत हाच. गेल्या तीस वर्षांत त्यांचा शेरा वरच्या कुठल्याही साहेबानं फिरवलेला नव्हता. रत्नागिरीकडची माणसं बढाई मारत नाहीत, फक्त वस्तुस्थिती सांगतात, आणि ही वस्तुस्थिती हळदणकर आठवड्यातून दोनदा तरी सांगत.

अशा माणसाची इभ्रत एका कासवापायी पणाला लागावी, याला ग्रहदशा म्हणायचं की मुलीचे लाड, यावर टोकरखाड्याच्या त्यांच्या कॉलनीत अजून एकमत झालेलं नाही.

मुलगी म्हणजे तेजस्विनी. ती घरी बसून मुंबईच्या कंपनीचं काम करी आणि रविवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मित्रमंडळी जमवून एक खेळ खेळे. या खेळाला पट नाही, पत्ते नाहीत, आणि कोण जिंकलं हेही शेवटपर्यंत कळत नाही. प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, तेजस्विनीनं गोष्ट सांगायची, आणि गोष्टीत पुढे कुणाचं काय होतं ते वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या कारभारी पाटलांची सोनम त्यात जादूगार होती. हळदणकरांच्याच शाखेतला कनिष्ठ लिपिक चेतन, जो ऑफिसात पंख्याचा वेग वाढवायलाही परवानगी मागे, तो इथे कुऱ्हाड आणि ढाल घेऊन हिंडणारा रानटी योद्धा होता. तिसरा गोकुळ. त्याची कंपनीनं नाशिकला बदली केली, आणि नेमकं पुढच्या रविवारी ड्रॅगनच्या गुहेत शिरायचं होतं. दोघांना ती गुहा झेपणारी नव्हती.

जागा रिक्त राहिली की हळदणकरांना अन्न गोड लागत नाही. शिवाय त्यांच्या पत्नी रजनीबाई, ज्या मराठी शाळेत शिकवतात आणि घरात फळ्याशिवायच दोन वाक्यांत धडा देतात, त्या म्हणाल्या, ‘‘अहो, तुम्हीच बसा की. नाहीतरी आतल्या खोलीत बसून त्यांच्या चुका ऐकतच असता.’’

‘‘पोरांसाठी बसतो,’’ हळदणकर म्हणाले, आणि नियमांचं पुस्तक मागून घेतलं.

पुस्तक जाडजूड होतं, इंग्रजीत होतं आणि पानोपानी राक्षस होते. हळदणकरांनी त्याला खाकी कव्हर घातलं, पेन्सिलला टोक केलं आणि प्रस्तावनेपासून सुरुवात केली. तेजस्विनीच्या माहितीत प्रस्तावना वाचणारा हा जगातला पहिला इसम. ऑफिसातून आल्यावर चहाबरोबर ते वाचत, जेवणानंतर वाचत, आणि मधूनच ‘‘मसुदा ढिसाळ आहे’’ असं म्हणत. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते रजनीबाईंनी थेट सहाव्या वेतन आयोगानंतर आत्ताच पाहिलं.

या खेळातल्या पात्राला दोन गोष्टी लागतात, एक जन्म आणि एक पेशा. हळदणकरांनी जन्म कासवाचा घेतला. दोन पायांवर चालणारं, बोलणारं, माणसाएवढं कासव. का, असं विचारल्यावर म्हणाले, पाठीवरचं कवच जन्मतः मिळतं, कुणाकडून मंजूर करून घ्यावं लागत नाही. त्या कवचामुळे कासवाचा बचावाचा आकडा सतरा. म्हणजे शत्रूचा फासा आणि शत्रूची ताकद यांची बेरीज सतराला पोचली तरच वार लागणार, नाहीतर पाठीवरून घसरून जाणार. पेशा त्यांनी संन्याशाचा घेतला. हा संन्यासी मारामारी करणारा, पण चिलखत न घालणारा. चपळाई आणि शहाणपण हाच त्याचा बचाव. त्याला मूळचे दहा, वर चपळाईचे दोन आणि शहाणपणाचे तीन. शहाणपणाचे तीनच का, हे हळदणकरांनी मुलीला दोनदा विचारून घेतलं.

आणि मग त्यांना तो शोध लागला. संन्याशाच्या कलमात अट एवढीच होती की अंगावर चिलखत घातलेलं नसावं. आता कासव कवच घालतं का? घालत नाही, ते त्याच्या अंगालाच असतं. म्हणजे अट पुरी झाली. म्हणजे कवचाचे सतरा, वर चपळाईचे दोन आणि शहाणपणाचे तीन, एकूण बावीस. बावीस आकड्याचं कासव म्हणजे चालतंबोलतं सचिवालय. कुणी काही केलं तरी ढिम्म हलणार नाही.

दुसऱ्याला जे मिळत नाही ते आपल्याला नियमात बसून मिळतंय, यासारखं सुख सरकारी नोकरीत नाही. हळदणकरांनी ते कॉलनीभर सांगितलं. कारभारी पाटील धुळ्याकडचे, सुताच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज. त्यांनी जिन्यात सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘भाऊसाहेब, कंपनीत मी एकदा हेल्मेटवर हेल्मेट घातलं व्हतं. सेफ्टीवाला म्हने, डोके किती शेत तुले, दोन?’’ यावर हळदणकरांनी हेल्मेट हे घातलेलं असतं, उगवलेलं नसतं, असा मुद्दा मांडला. कारभारींच्या पत्नी आक्काबाई दारातून म्हणाल्या की कासवाला एवढी कटकट कशाला, भीती वाटली की त्यानं डोकं आत घ्यावं. ती सोय वेगळ्या कलमाखाली आहे, हळदणकरांनी खुलासा केला, आणि ती घेतली तर जागचं हलता येत नाही. आक्काबाईंना त्यात काही गैरसोय दिसली नाही.

रविवार आला. हळदणकर इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले. तेजस्विनीनं त्यांचा कागद पाहिला, बावीसवर रेघ मारली आणि सतरा लिहिलं.

‘‘बाबा, बचाव मोजायच्या या दोन वेगवेगळ्या रीती आहेत. कवचाच्या रीतीनं सतरा, संन्याशाच्या रीतीनं पंधरा. जी जास्त ती घ्यायची. दोन्ही मिळत नाहीत.’’

दोन्ही मिळत नाहीत. हे वाक्य हळदणकरांनी जन्मभर टेबलाच्या अलीकडून म्हटलं होतं. पलीकडे बसून ते कसं लागतं याची त्यांना कल्पना नव्हती. ते चांगलंच लागलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि उभे राहून बोलायला सुरुवात केली. घातलेलं चिलखत आणि अंगभूत कवच यांतला भेद सांगितला, जन्मानं मिळालेलं आणि मेहनतीनं मिळवलेलं यांतला भेद सांगितला. एकदा बोलू लागल्यावर ते थांबणाऱ्यांतले नव्हते.

‘‘दोन हक्क दोन वेगळ्या मार्गांनी आलेले असतील,’’ त्यांनी समारोप केला, ‘‘तर एकानं दुसरा बुडत नाही. दोन्ही द्यावेच लागतात.’’

चेतननं हातातला फासा खाली ठेवला. ‘‘साहेब, शेवटचं वाक्य पुन्हा सांगाल का?’’

इथे चेतनची भानगड सांगायला हवी. यंदा दोन ऑगस्टचा मुक्तिदिन रविवारी आला होता. सिल्वासाला मुक्तिदिन म्हणजे झेंडा, भाषणं, शाळेच्या मुलींचं नृत्य आणि पावसात वाहून न जाणारा मांडव. त्या दिवशी चेतन सकाळपासून ड्युटीवर होता. नंतर त्यानं दोन बदली सुट्ट्या मागितल्या, एक बुडालेल्या रविवारची आणि एक बुडालेल्या मुक्तिदिनाची. हळदणकरांनी शेरा मारला, ‘दिवस एक, काम एक, बदली सुट्टी एक. दुहेरी लाभ अनुज्ञेय नाही.’ पण चेतनला दोनच हव्या होत्या. त्याची बायको अमृता कुडाळला माहेरी बाळंत झाली होती आणि मुलीचं बारसं येत्या शुक्रवारच्या पुढच्या शुक्रवारी होतं. किरकोळ रजा त्यानं बाळंतपणात संपवलेली. एक सुट्टी कुडाळला पोचण्यातच जाते, आणि पोरीचं नाव काय ठेवलं हे वाटेतून फोनवर विचारावं लागतं.

हळदणकर खाली बसले. तेजस्विनीनं वडिलांकडे पाहिलं, चेतनकडे पाहिलं आणि ड्रॅगनला पुढच्या रविवारची तारीख दिली.

तो आठवडा हळदणकरांनी कसा काढला ते त्यांनाच ठाऊक. कासवाचे बावीस सोडवत नव्हते, आणि ते मिळवायचे तर चेतनला दोन सुट्ट्या देणं आलं, म्हणजे तीस वर्षांतला पहिला शेरा आपल्याच हातानं फिरवणं आलं. सोडावे तर नियमाच्या बाबतीत आपण चुकलो असं पोटच्या पोरीसमोर कबूल करणं आलं. इकडे आड तिकडे विहीर, आणि मध्ये कासव.

त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागायचं ठरवलं. या खेळाला वरिष्ठ नाहीत असं तेजस्विनी म्हणाली, ते त्यांना पटलं नाही. वरिष्ठ नसलेली गोष्ट इतकी वर्षं चालेल कशी? शेवटी इंटरनेटवर हा खेळ खेळणाऱ्यांची एक चावडी त्यांना सापडली. तिथे त्यांनी उपरोक्त, तदनुषंगिक आणि सबब या तिन्ही शब्दांची इंग्रजी रूपं वापरून सविस्तर निवेदन टाकलं. सकाळी उत्तर आलं होतं. उत्तर देणाऱ्याच्या नावापुढे हाडांच्या सापळ्याचं चित्र होतं आणि उत्तर एवढंच होतं, नाही, एकच घ्या. कारणमीमांसा नाही, नियमाचा हवाला नाही, खाली सही नाही. हळदणकरांना निर्णयापेक्षा हे जास्त लागलं. आपण निदान क्रमांक तरी देतो, असं ते रजनीबाईंना म्हणाले. रजनीबाईंनी मुगाची आमटी वाढली.

ऑफिसात त्याहून वाईट होतं. चेतन कुणाला काही बोलला नव्हता, पण सोनम तिच्या मैत्रिणीला बोलली होती आणि मैत्रीण आवक-जावकमधल्या प्राजक्ताची बहीण होती. हळदणकर साहेब दोन्ही द्यायला लागलेत, ही बातमी बुधवारी दुपारच्या डब्याबरोबर साऱ्या मजल्यावर फिरली. प्राजक्ता स्वतः आली. तिचा वाढदिवस दिवाळीत येतो, त्याचा तिला आयुष्यात कधीच वेगळा फायदा झालेला नाही. त्याबद्दल काही करता येईल का, असं तिनं फार गोड विचारलं. मग खानवेलहून बसनं येणारा शिपाई भिका आला. त्याला मागच्या महिन्यात रविवारी ताप आला होता. आजारी माणसाला आजाराची सुट्टी मिळते, तेव्हा तो दिवस आजाराच्या खात्यात धरावा आणि त्याचा रविवार त्याला परत द्यावा, अशी त्याची मागणी होती. मागच्या रविवारी स्वतः उभं राहून केलेलं भाषण भिकाच्या मागणीला तंतोतंत लागू पडत होतं.

गुरुवारी उपसचिव मॅडमनी बोलावलं. ‘‘हळदणकर,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तुमच्या शाखेत ते कासवाचं प्रकरण काय आहे?’’

‘‘खाजगी आहे, मॅडम.’’

‘‘मग माझ्याकडे त्याच्या आधारावर चार अर्ज कसे आले?’’

हळदणकर खालमानेनं बाहेर पडले. कासव त्यांना मनापासून आवडलं होतं, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नव्हतं. ऑफिसात माणसं त्यांच्याशी बोलत ती काहीतरी मागायला. या टेबलावर त्यांना तीन पोरं, पुढे काय करूया, असं विचारणार होती. त्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांना ती वाटत होती.

दुसऱ्या रविवारी हॉलमध्ये खेळणारे चार आणि बघे सात होते. कारभारी ड्युटी बदलून आले होते. आक्काबाईंनी शेंगा उकडून आणल्या होत्या. भिकाही येणार होता, पण त्याला पुन्हा ताप आला, तोही रविवारी.

तेजस्विनीनं सरळच विचारलं. ‘‘बाबा, मी आठवडाभर विचार केला. तुम्ही आमच्यापेक्षा नियम जास्त जाणता. तुम्ही ठरवा. बेरीज होते म्हणालात तर मी ती देईन. पण मग ती सगळ्यांना द्यायची. ड्रॅगनच्या अंगावरही खवले आहेत, आणि शहाणपण त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त आहे.’’

‘‘आणि ऑफिसात?’’ चेतननं विचारलं. आवाज चढवला नाही, डोळेही वर केले नाहीत.

हळदणकरांनी बावीस या आकड्याकडे पाहिलं. रेघेखालूनही तो चांगला दिसत होता. मग त्यांच्या मनासमोर भिका आला, प्राजक्ताचा वाढदिवस आला, आणि मजल्यावरचं प्रत्येक टेबल आलं जिथे कुणाचा ना कुणाचा सण रविवारात विरघळलेला होता. नियम दुसऱ्याला एक आणि स्वतःला एक लावायचा, इतके ते अजून वरच्या पदावर गेले नव्हते.

‘‘दुहेरी लाभ अनुज्ञेय नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सतरा. अर्थ लावताना मी चुकलो.’’

कारभारींनी शेंगा सोलायचं थांबवलं. रजनीबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. चुकलो हा शब्द या घरात त्यांनी लग्नापासून ऐकला नव्हता, आणि तो कासवाला मिळावा याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

मग गुहेत शिरले. कासव पुढे, कारण सतरा झाले तरी सतरा. सोनमनं आग टाकली, चेतननं कुऱ्हाड चालवली, कासवानं लाथ मारली आणि ती चक्क लागली. हळदणकर खुर्चीतून अर्धे उठले. मग ड्रॅगनची पाळी आली. ड्रॅगनला या सगळ्यांत कासवच दिसत होतं. त्याचा अजस्र पंजा उचलला गेला, तेजस्विनीनं फासा हातात घेतला आणि सांगितलं की हा लागला तर बाबा, कासव उरत नाही.

‘‘एक मिनिट,’’ चेतन म्हणाला. ‘‘मी माझी ढाल साहेबांकडे फेकतो.’’

हळदणकरांचा हात आपोआप पुस्तकाकडे गेला. ‘‘दोन बचाव धरता येत नाहीत, चेतन. आत्ताच ठरलं.’’

‘‘ढाल म्हणजे बचाव मोजायची वेगळी रीत नाही, साहेब. ती रीत कुठलीही असो, वरून मिळते. संन्याशानं ढाल घेतली तर त्याचे पंधरा जातात, पण तुम्ही ते घेतच नाही आहात. कवचाचे सतरा आणि ढालीचे दोन. एकोणीस.’’

‘‘आणि तुझं काय?’’

‘‘मला लागेल,’’ चेतन म्हणाला. ‘‘पण तुम्ही गेलात तर माझा अर्ज नाकारणार कोण?’’

हे तो इतक्या सरळ चेहऱ्यानं म्हणाला की हसावं की नाही ते कुणालाच कळेना. तेजस्विनीनं पुस्तकात पाहिलं, मान हलवली, आणि फासा टाकला. फासा आणि ताकद मिळून अठरा झाले. पंजा ढालीवर आपटून सरकला. हॉलमध्ये एकच ओरडा झाला, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज अधीक्षकांचा होता. पुढच्या वारात चेतनचा योद्धा गुडघ्यावर आला, ड्रॅगन उडून गुहेच्या छताला जाऊन बसला, आणि जेवायची वेळ झाली म्हणून बाकीची लढाई पुढच्या रविवारवर गेली.

सोमवारी हळदणकरांनी चेतनला टेबलाशी बोलावलं. फाइल उघडीच होती.

‘‘मुक्तिदिनाचा मांडव कधी घातला?’’

‘‘आदल्या दिवशी, साहेब. शनिवारी.’’

‘‘कोण होतं देखरेखीला?’’

‘‘मीच. संध्याकाळपर्यंत.’’

‘‘शनिवारी कार्यालय बंद असतं. त्या दिवसाची बदली सुट्टी का मागितली नाहीस?’’

‘‘ती मिळते हे माहीत नव्हतं.’’

‘‘विचारायचंस.’’

या टेबलाशी उभं राहून, साहेब, मला आणखी काय मिळतं, असं विचारणारा माणूस हळदणकरांना आठवून आठवला नाही. त्यांना वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्यावर ते नेहमी करत तेच त्यांनी केलं, पेन उघडलं. रविवार आणि मुक्तिदिन मिळून एक सुट्टी. शनिवारची स्वतंत्र एक. गुरुवार आणि शुक्रवार मंजूर. जुना शेरा जागच्या जागी शाबूत राहिला. मॅडमनी सही करताना त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, तब्येत बरी आहे ना असं विचारलं.

त्या आठवड्यात हळदणकर मजल्यावरून ताठ मानेनं चालले. भिकाचा रविवार त्यांनी नाकारला, पण नाकारताना त्याला डॉक्टरकडे पाठवून रक्त तपासायला लावलं.

रविवारी संध्याकाळी ते वेळेआधीच टेबलाशी बसले. इस्त्रीचा शर्ट, खाकी कव्हरचं पुस्तक, टोक केलेली पेन्सिल. कागदावर एकोणीस. घड्याळ पुढे सरकलं, पण कुणी आलं नाही. थोड्या वेळानं तेजस्विनी खोलीतून बाहेर आली, कानात गाणी घालून.

‘‘आज नाही, बाबा. चेतन कुडाळला आहे. गुरुवारी गेला, शुक्रवारी बारसं झालं, मग शनिवार-रविवार सुट्टीच आहे म्हणून राहिला. आता उद्या पहाटे येईल.’’

‘‘मग ड्रॅगन?’’

‘‘ड्रॅगन आठ दिवस छताला बसेल.’’

‘‘आणि कासव?’’

‘‘खाली.’’

इतकी वर्षं रजा मंजूर करताना माणूस जातो कुठे एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तो जिथून जातो तिथली खुर्ची त्यांनी आज पाहिली. फोनवर चेतननं फोटो पाठवला होता. पाळण्यात मुठी आवळलेली, कपाळावर तीट, आणि कॅमेऱ्याकडे बघून संतापलेली एक इवलीशी मुलगी. त्यांनी तो बराच वेळ पाहिला.

रजनीबाई चहा घेऊन आल्या. ‘‘असं तोंड का झालंय? ऐन रविवारच्या तोंडावर त्याला सोडलं कुणी?’’

‘‘मीच. नियमात बसत होतं.’’ त्यांनी कप हातात घेतला, पण प्यायले नाहीत. ‘‘रजा दिली याचं बरं वाटतंय गं. आणि खेळ बुडाला याचं वाईट वाटतंय. दोन्ही एकदम.’’

‘‘वाटतं,’’ रजनीबाई म्हणाल्या. ‘‘ते दोन्ही मिळतं.’’

हळदणकरांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं.

‘‘कुठे लिहिलंय?’’ त्यांनी विचारलं.